चौथा खांदा

"तिघं झालो. चौथा कोण?" तिरडीभोवती नजर फिरवत सयाजीने विचारले.

अंगणात माणसे तरी कुठे होती? आण्णा पहाटे झोपेतच गेले होते. निरोप मिळताच खालच्या गावातून गिरणीवाला बाबालाल आणि त्याचा भाऊ नौमान धावत आले. गारगोटीच्या वरच्या अंगाच्या त्या वाडीत पुरुष उरले होते ते दोनच, सत्तरीतला सयाजी आणि कमरेत वाकलेला पिराजी. पिराजीच्या हातात विस्तवाचे मडके दिले होते. बाकीच्या घरांना कुलपे.

आण्णांच्या उशाशी बसलेली त्यांची बायको बाळाबाई उठली.

"मी हाय की."

"वैनी, बायामाणसानं खांदा द्यायची रीत न्हाय."

"मग रीत पाळणारी पोरं आण कुठनं तरी."

सयाजी तिरडीच्या मागच्या बाजूला गेला. वाडीतली सगळी पोरे बाळाबाईच्या हातावर जन्मलेली. दवाखाना लांब, पावसाळ्यात वाट बंद. बाई अडली की तिलाच हाक यायची. ती पोरे शिकली, पुण्या-मुंबईला गेली, तिथलीच झाली. त्यांना मुले झाली ती एकेक, तीही तिकडच्या दवाखान्यात. वाडीत शेवटचा पाळणा कधी हलला, हे तिला आता आठवायचेही नाही. तिचा स्वतःचा सम्राट दुबईला. सकाळी फोनवर रडत म्हणाला होता, "आई, यायला दोन दिवस तरी लागतील. माझ्यासाठी थांबू नका."

पदर खोचून तिने पुढचा बांबू खांद्यावर घेतला. जोडीला नौमान होता, चांगला उंच. तिरडी कलायला लागली तसा तो गुडघ्यात वाकला आणि तसाच चालू लागला.

"काकी, दमलासा तर सांगा."

"हलकं झालतं रं," ती म्हणाली. "दोन वर्सात निसतं झिजलं."

ओढ्याची वाट त्यांच्याच शेतातून जात होती. जिथे आण्णांनी जन्मभर भात आणि नाचणी केली, तिथे आता डोक्याएवढे रानमोडीचे तण माजले होते. बांध ढासळले होते. वळणावर पुढे चाललेला पिराजी एकदम थांबला.

वाटेवर गवे उभे होते. अख्खा कळप, दोन वासरांसकट.

"कुणी हलू नका," सयाजी मागून पुटपुटला.

तिरडी खांद्यावर तशीच राहिली. बांबू हाडात रुतत होता, पण खाली वाकायचीही सोय नव्हती. पूर्वी या रानात बाप्यांच्या नुसत्या गलक्याने गवे डोंगर चढायचे. आता ते सावकाश चरत होते, मधूनच मान वर करून माणसांकडे बघत होते.

"आता आपुनच पावणं हितं," पिराजी म्हणाला.

बऱ्याच वेळाने मोठा गवा वर वळला. त्याच्यामागे कळप रानमोडीत शिरला आणि वाट मोकळी झाली.

ओढ्याकाठी अग्नी बाळाबाईनेच दिला. या वेळी सयाजीने रीत काढली नाही.

घरी येऊन अंघोळ होते न होते तोच सम्राटचा फोन आला.

"आई, झालं सगळं नीट? कोण कोण आलं होतं?"

तिने दारातून बाहेर पाहिले. चौघे पायरीवर बसले होते. नौमान गुडघा चोळत होता.

"समदी आलती," ती म्हणाली. "खांदा द्यायला माणसं मावंनात. तू रडू नको."

फोन ठेवून ती चुलीपाशी गेली. मयताच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारच्या बाया पिठलं-भाकरी आणून वाढतात. सयाजीची बायको नातवाला सांभाळायला पुण्यात होती. पिराजीची जाऊन चार वर्षे झाली होती. आणि खांदा दिलेली माणसे सकाळपासून उपाशी होती.

तिने काटक्या मोडून चूल पेटवली, काटवटीत पीठ घेतले. सयाजी काहीतरी बोलायला दारात आला आणि तिथेच थबकला. सुजलेल्या खांद्याचा हात मांडीवर टेकवून बाळाबाई एका हाताने भाकरी थापत होती.