रविवारचे पक्षी

सोरेगोतच्या चिखलभूमीवरील पक्षी इतर वारी नऊ हजारांच्या वर भरत आणि रविवारी सव्वापाच हजारांच्या आसपास.

बांग ह्ये-रनने नोकरीची तीस वर्षे बाजारांतली वजने-मापे तपासण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर गेली तीन वर्षे ती हे पक्षी मोजत होती आणि तीन वर्षे हा फरक तिच्या डोक्यात कुसळासारखा सलत होता. मोजणी मोठ्या भरतीच्या दिवशी होई, कारण चिखल पाण्याखाली गेला की तुतवार, चिखल्या असे किनारी पक्षी उरल्यासुरल्या कोरड्या पट्ट्यावर दाटीने उभे राहतात. उत्तरेच्या बांधावर ती बसे. चार किलोमीटर दक्षिणेला, जुन्या मिठागरावर, निवृत्त शिक्षक ओक छान-सू. उत्तरेचा भाग सखल असल्याने तिची मोजणी आधी उरके, मास्तरांची तासाभराने.

सोमवारी अहवाल द्यायचा होता. प्रांताच्या समितीची अट आठ हजारांची होती. तेवढा आकडा भरला तर चिखलभूमी राखीव. नाही भरला तर उत्तरेच्या अर्ध्या भागात भराव घालून कारखाने.

"रविवारी माणसं फिरायला येतात, गोंगाट होतो. इतकं साधं आहे," शनिवारी सकाळी मास्तर फोनवर म्हणाले.

"एप्रिलातल्या त्या रविवारी धो धो पाऊस होता, मास्तर. बांधावर मी आणि माझी छत्री. तरी सव्वापाचच."

"मग पक्षीही चर्चला गेले असतील."

"थट्टा पुरे."

"अहो बाई, चांगला आकडा हाती आलाय. त्याला सुखानं जगू द्या की!"

तिने फोन जरा जोरातच ठेवला. वारा तपासून झाला होता, भरतीची उंची तपासून झाली होती. दुर्बिणी बदलल्या, महिनाभर दोघांनी जागाही बदलल्या. फरक होता तिथेच. आदल्या दिवशी मात्र जुने तक्ते चाळताना तिचे बोट एका ओळीवर अडखळले होते. उत्तरेचा आकडा कोणत्याही वारी चार हजार शंभरच्या जवळपास असे. दक्षिणेचा रविवारी बाराशे, इतर वारी पाच हजार तीनशे. म्हणजे इतर वारी एकट्या दक्षिणेत जेवढे पक्षी असत, तेवढीच रविवारची दोन्हीकडची बेरीज होती.

म्हणून त्या शनिवारी मोजणी संपल्यावर तिने दुर्बिणीची तिपाई मिटली नाही. एरवी ती लगेच मिटून गाडीत जाऊन बसे आणि तक्ता भरे. आज ती बार्लीचा चहा ओतून तशीच बसून राहिली. दहा मिनिटे झाली, वीस झाली. पक्षी जागचे हलेनात. चिडून तिने चहा वाळूत ओतला.

तेवढ्यात खडकाच्या वळणामागून हाक आली. "अहो बाई, झालं का मोजून? इथं पाणी गुडघ्याला लागलं!"

आवाज प्यो आजींचा होता. शिंपले वेचणाऱ्या बायकांच्या त्या म्होरक्या.

"झालंय केव्हाच! तुम्ही तिथं काय करताय?"

"काय करणार? वाट बघतोय! तुम्ही ती तीन पायांची काठी मिटली की आम्ही निघतो. रोजचंच आहे ते."

"कोणी सांगितलं होतं थांबायला?"

"सांगायला कशाला हवं? तुमची पाखरं उडाली तर तुम्ही परत पहिल्यापासून मोजणार. आम्हाला काय समजत नाही?" मागून दुसरी एक बाई ओरडली, "आजी, गप्पा घरी मारा! माझ्या बुटात खेकडा शिरलाय!"

बायकांना आणि शिंपल्यांच्या पोत्यांना घेऊन ट्रॉली जोडलेला पॉवर टिलर फटफटत वळणाबाहेर आला आणि पट्ट्याला अगदी खेटून बांधावर चढला. सगळा थवा एकदम उठला, पाण्यावर एकदा वळला आणि दक्षिणेकडे गेला. ह्ये-रन त्याच्याकडे पाहत उभी राहिली.

तासाभराने मास्तरांचा फोन आला. "पाच हजार दोनशे ऐंशी! बघा, म्हटलं नव्हतं?"

"त्यातले चार हजार मी आधीच मोजलेत," ती म्हणाली.

बांधाखाली प्यो आजी पोती उतरवत होत्या. "आकडा चांगला भरला ना, बाई? आमचा चिखल वाचेल ना?"

"चुकीचा भरला, आजी. तीन वर्षं."

"म्हणजे आमच्यामुळं?"

ह्ये-रनला नाही म्हणायचे होते. तिने तिपाईचे पाय एकेक करून आत सारले आणि "हो" म्हणाली.

सोमवारच्या अहवालात तिने एकूण संख्या पाच हजार तीनशे लिहिली आणि खाली कारण नोंदवले: शिंपले वेचणाऱ्या महिला सौजन्याने उत्तरेची मोजणी संपेपर्यंत थांबत आणि मगच वाहन आणत, त्यामुळे उडालेला थवा दक्षिणेस जाऊन पुन्हा मोजला जाई. रविवारी त्या चर्चला जात, चिखलात उतरत नसत.