वैरागच्या मामांचा डबा

आमच्या महिपतरावांना बचतीचं खूळ दिवाळीनंतर लागलं. नवी पेठेत कापडाच्या दुकानात साड्या दाखवायला असतात. एक दिवस घरी येऊन म्हणाले, "विजू, हॉटेलात जेवून लई पैसं जात्यात. उद्यापास्नं डबा दे. वाचतील ते तुज्या पिको मशीनला."

मशीन! दोन वर्सं साड्यांना हातानं फॉल लावून माज्या बोटांची चाळणी झाली हाय. हुरळले मी, येडी.

पाचला उठून भाकऱ्या बडवायला लागले. शेंगाची चटणी, वांग्याचं कालवण. आठ दिवसांत ह्यांची भूक वाढली. "चार खणांचा डबा काढ की माळ्यावरनं. आठ भाकरी घाल." पोट हाय का पोतं? वर मलाच शिकवायचे, तेल कमी घाल, गॅस बारीक ठेव, बचतीला अक्कल लागती. अक्कल म्हणं! सोताचा पायमोजा घावत न्हाय ह्या माणसाला.

चार महिने गेले. मशीनचं इचारलं की एकच, "साठत्यात, साठत्यात."

परवा दुपारी दोरा घ्यायला नवी पेठेत गेले. ह्यांच्या दुकानाला लागून सराफाचं दुकान हाय. तितले मुनीम वेणीमाधवकाका आणि दोघं कारागीर जेवत बसलेले. मधी माजा डबा! झाकणावर नाव घातलेलं, 'चि. सौ. कां. विजयमाला हिस वैरागच्या मामांकडून'. लग्नातला डबा मी वळखणार न्हाय व्हय?

"काका, ह्यो डबा कुटला?"

"महिपती आणून देतो. तिघांचे महिन्याला साडेचार हजार," काका म्हणाले. "हे नाव वाचून मी विचारलं, कोण रे ही विजयमाला? तर म्हणाला, ओळखीतली आहे, नवरा वारला बिचारीचा. मग आम्ही घासाघीस केली नाही."

माज्या अंगाचा तिळपापड झाला. रस्त्यापलीकडं हॉटेलात माजा वारलेला नवरा मिसळीवर तिसऱ्यांदा तर्री मागत हुता.

मी मंगळसूत्र पदराबाहेर काढलं. "विजयमाला मीच. आणि नवरा त्यो बगा तितं, मिशीला शेव लागलेला."

काकांच्या हातातला घास हातातच राहिला. लाजले बिचारे. ह्या महिन्याचे पैसे द्यायचे हुते, ते गल्ल्यातनं काढून माज्या हातावर ठेवले. तशीच निघाले आणि मशीनवाल्याकडं पहिला हप्ता भरून आले.

दुसऱ्या दिवशी पाचलाच उठले. डबा भरला, रिक्षावाल्याकडं दिला, सराफाच्या दुकानात पोचव म्हणलं. महिपतराव आंघोळ करून, भांग पाडून दारात हुबे.

"माजा डबा?"

"तुमचा कसला डबा? तुमी वारलाय की," मी म्हणलं. "पितृपक्षात या. पान वाढीन."