काळू नदीच्या कोळंबीचे माहेर

मी एक म्हातारी कोळंबी आहे, मित्रांनो. टिटवाळ्याच्या काळू नदीत राहते. पण घर कुठले, असे कुणी विचारले की मी अजूनही गोंधळते. राहते गोड्या पाण्यात, आणि जन्मले मात्र कल्याणच्या खाडीत, जिथे नदी भरतीच्या पाण्यात मिसळून मचूळ होते. लहानपणी तर मी चक्क उलटी पोहत असे. पोट वर, शेपटी पुढे! कुठून आले, कुठे चालले, काही कळत नसे. मग एके दिवशी अंग सुलट झाले, पाय तळाला टेकले आणि मी प्रवाहाच्या विरुद्ध चालू लागले. कुणी सांगितले, देव जाणे.

नदीत मी वाढले. वाढायचे म्हणजे आम्हांला कात टाकावी लागते. नवे कवच मऊ असते, तेव्हा दगडाखाली लपून बसायचे. अशाच एका कातीनंतर माझ्या पोटाखाली केशरी अंडी आली. पाय हलवून त्यांना ताजे पाणी घालत राहिले. आणि मनाला एकच ओढ लागली: खाली, खाडीकडे.

वाटेतच दामाजी कोळ्याच्या जाळ्यात सापडले.

तेव्हा गावात सप्ताह चालला होता. दामाजीची बायको सगुणाबाई माळकरी. भूतदयेवरचे बुवांचे कीर्तन ऐकून तिचे मन लोण्यासारखे झाले होते. टोपलीत मला पाहून ती म्हणाली, "अगं बाई, पोटुशी दिसतेस!" आणि दामाजीला न विचारताच तिने मला देवळाच्या तळ्यात सोडले. "राहा इथं. रोज हरिनाम पडेल कानावर."

टाळ-मृदंगाचा नाद पाण्यातून माझ्या मिशांपर्यंत येई. खरे सांगते, फार गोड वाटे. पण हे पाणी वाहतच नव्हते! कडेकडेने फिरून मी पुन्हा त्याच पायरीशी येई. खाली म्हणजे कुठे? अंडी करडी झाली, त्यांत काळे डोळे दिसू लागले. मचूळ पाणी मिळाले नाही, तर पोरे जन्मताच संपणार होती.

एका सकाळी पायरीवर बोलणे ऐकू आले.

"तळ्यात सोडलीस?" दामाजी हसत होता. "पोरांना काय अभंग पाजणार?"

"थट्टा नको. नदीतली कोळंबी गोड्या पाण्यात सोडली, चुकलं काय?"

"तुझं पहिलं बाळंतपण कुठं झालं गो?"

"माहेरी. ते काय विचारायचं?"

"हिचं माहेर खाडी. पोरं तिथंच जगतात."

सगुणाबाईचा आवाज एकदम उतरला. "मग टाका जाळं!"

"देवाच्या तळ्यात? गुरव मलाच जाळ्यात घालील!"

मग तिनेच टोपली पाण्यात बुडवली. तिच्यात प्रसादाचे खोबरे ठेवले. "ये गं बाय," ती म्हणाली, "आता तुझ्या माहेरी नेते."

मी थबकले. टोपलीनेच मला इथे आणले होते. आता पळू, की जाऊ? खोबऱ्याचा वास येत होता, पोटाखाली पोरे वळवळत होती. काहीच उमजेना. शेवटी गोंधळलेलीच टोपलीत शिरले.

कळशीतून मला कल्याणच्या खाडीवर, दुर्गाडी किल्ल्याखाली नेले. या वेळी सगुणाबाईने घाई केली नाही. आधी बोट बुडवून पाणी चाखले. "मचूळ आहे," ती म्हणाली, आणि मगच कळशी कलंडली. मी तळाला पोहोचते न पोहोचते, तोच अंडी फुटली. पाहते तो काय, सारी पोरे उलटी! पोट वर, शेपटी पुढे!

मित्रांनो, दया जरूर करा. पण आधी पाणी चाखा. आणि आणखी एक मागणे. माझी पोरे सुलट झाली की तुमच्या गावांजवळून नदीकडे चालत येतील. मानपाड्याकडचे नाले हल्ली कारखान्यांच्या सांडपाण्याने कधी लाल दिसतात, कधी हिरवे. ते पाणी त्यांच्या वाटेत सोडू नका. ती बिचारी मुळातच गोंधळलेली असतात.