लाल अक्षरं

थडग्यावरचा लाल रंग पावसाने फिका पडतो.

जपानमधल्या नारा शहरात मोकळ्या फिरणाऱ्या हरणांना वाटतं, माणसाच्या हातात जे असेल ते आपलंच.

शाळेच्या स्वयंपाकघरातली करपलेली कढई नुसत्या साबणाने निघत नाही, तार लागते.

सासूबाई म्हणाल्या होत्या, "नाव ठेवण्याआधी गेलेलं पोर कुळाच्या दगडाखाली जात नाही."

"हे कुणी कोरायला सांगितलं?" किनुएने विचारलं.

तिच्या नवऱ्याच्या, हिसाओच्या, मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे पाठ नुकतेच संपले होते. त्याच्या अस्थी आता नारातल्या या जुन्या बुद्धमंदिरामागे कुळाच्या दगडाखाली जायच्या होत्या. दगडावर त्याचं नाव होतं आणि शेजारी तिचं. जिवंत माणसाचं, म्हणून अक्षरांत लाल रंग भरलेला.

"मीच सांगितलं," तिचा दीर कोझो खुशीत म्हणाला. "दादाचं कोरायचंच होतं. पाथरवट काय रोज येतो? तुमचंही उरकून घेतलं, वहिनी."

"मला विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं? बायको नवऱ्याशेजारीच जाते. की तुम्ही दुसरीकडे घर बघितलंय?"

मागे कुणीतरी हसलं.

"बघितलंय," किनुए म्हणाली. "त्या कोपऱ्यातला चबुतरा."

भन्तेजी खाकरले. "ताई, ज्यांचं कुणी नाही, त्यांच्या अस्थी तिथे ठेवतात."

"माझ्या मुलीला आई होती, बाप होता, हा काका होता. तरी तिला तिथेच ठेवलंत ना?"

"चाळीस वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरता?" कोझोचा आवाज चढला. "दादा तरी काही बोलला होता का?"

"नाही. ते कधीच काही बोलले नाहीत. तिच्या अस्थींचा डबा हातात धरून खाली मान घालून चालत गेले. आणि आता जन्मभर शेजारी राहिले ते कमी पडलं म्हणून मी मेल्यावरही तिथेच पडून राहू?"

"कोरलेलं नाव पुसता येत नाही, वहिनी."

दगड धुवायला आणलेल्या बादलीजवळ तिची पिशवी होती. तिने तीतून दगडावरचं शेवाळ काढायला आणलेली तारेची घासणी काढली, काळ्या किमोनोनिशी ओल्या फरशीवर गुडघे टेकले आणि आपलं नाव घासायला लागली. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करताना तिने अशाच कढया घासल्या होत्या.

"ताई," भन्तेजी हळूच म्हणाले, "लाल रंग निघाला, की माणूस गेलं असं धरतात."

"ठाऊक आहे."

अक्षरांच्या खाचा करड्या झाल्या. तिची बोटं लाल झाली होती. ती उठली.

"तुमच्या घरची सून गेली, भावोजी. सुतक पाळा."

हिसाओच्या फुलदाणीतली अर्धी शेवंती उपसून ती कोपऱ्यातल्या चबुतऱ्याकडे गेली. फुलं ठेवते न ठेवते तोच एका हरणाने मान पुढे केली. तिने त्याच्या नाकाडावर चापट मारली आणि फुलांच्या राखणीला तिथेच बसून राहिली.

त्या सकाळी घरून निघताना तिने हिसाओच्या फोटोपुढे वाफाळता भात ठेवला होता, वर त्याला आवडायचं ते आंबट आलुबुखार.