टोकाचे इन्सुलेटर

टण्ण!

दुपारच्या निवांत खोलीत तो आवाज एवढा लख्ख उमटला, की लेकीच्या वहीला कव्हर घालणारा सुनेचा हात जागच्या जागी थांबला.

"दचकतेस काय?" सासूबाई म्हणाल्या. "तारेच्या टोकांचे इन्सुलेटर निवडतेय. चमचा मारायचा. टण्ण वाजला की धडधाकट, थप्प वाजला की आत चीर."

सासूबाईंचा पलंग आज सामानाखाली गडप झाला होता. आयुष्यभर त्यांनी किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात बसून जहाजांशी गप्पा मारल्या होत्या. निवृत्त झाल्यावर घरच्या रेडिओवर त्यांची एकच मैत्रीण उरली होती, लांबच्या बेटावरची दीपगृहवाली. बावीस वर्षं, दर रविवारी चार वाजता. एकमेकींचं तोंडही कधी पाहिलेलं नाही, पण गुडघेदुखीपासून सुनांपर्यंत सगळं एकमेकींना ठाऊक.

आणि गेले तीन महिने पलीकडून चकार शब्द नव्हता.

सासूबाईंचं निदान ठरलेलं होतं. आपला आवाज तिथवर पोचत नाही. म्हणून त्यांनी आवाज दूर फेकणारा एक दणकट अ‍ॅम्प्लिफायर आणवला होता. पण एवढी ताकद गच्चीवरच्या जुन्या तारेला झेपणार नव्हती, तेव्हा आता नवी अँटेना. रविवारी या खोलीचं दार बंद असायचं आणि मायलेकी बागेत असायच्या. आज मात्र वस्तू निवडायला सुनेला मुद्दाम बोलावणं होतं.

"साधी तांब्याची तार नको, आई," सून सवयीने आवाज चढवून म्हणाली. ती विजेच्या मोटरींना तार गुंडाळायच्या कारखान्यात कामाला होती, तारेतलं तिला कळे. "ताणली की लांबते. आत पोलाद, वर तांबं, अशी घेऊ."

"शहाणी आहेस. आणि तारेच्या मधल्या डब्यातलं फेराइटचं, ते काळं चुंबकी कडं जाड घे. मागचं असं तापलं होतं, की त्यावर चहा झाला असता."

"आणि टोकाला प्लास्टिक चालणार नाही?" सहा वर्षांच्या भिंगरीने ओरडून विचारलं. पलंगाखालून फक्त तिचे पाय दिसत होते.

"अजिबात नाही. तारेच्या टोकाला हजारो व्होल्ट उभे राहतात. प्लास्टिक पाघळेल. चिनी मातीच हवी, तीही बिनचिरेची."

सासूबाई एकेक पांढरा इन्सुलेटर दोरीला टांगून चमचा मारत होत्या. टण्ण. डावीकडे. टण्ण. डावीकडे.

थप्प.

तोही डावीकडे.

सून बघतच राहिली. पुढचा टण्ण वाजला, त्याच्या पुढचा पुन्हा थप्प, आणि तोही सासूबाईंनी तितक्याच मायेने चांगल्यांत ठेवला. तिने हळूच दोन्ही उचलून बाजूला केले.

"ते का काढलेस गं?"

"चीर आहे, आई."

सासूबाईंनी एक हातात घेतला. चष्मा कपाळावर चढवला, नख फिरवलं. केसासारखी बारीक रेघ होती. त्यांनी चमचा उलटसुलट करून पाहिला.

"चमचाच हलका आहे मेला," त्या म्हणाल्या.

सुनेने मान डोलावली. तिला मात्र आता एकेक आठवायला लागलं. टीव्हीचा वाढत गेलेला आवाज, 'सगळे हल्ली पुटपुटतात' ही तक्रार. घरात त्यावर केवढे विनोद झाले होते, आणि त्यातले निम्मे तिचे स्वतःचे.

चार वाजले. सासूबाईंनी कान दाबतात म्हणून हेडफोन लावले नाहीत, स्पीकर चालू केला, माइक ओढला आणि मैत्रिणीला नेहमीची हाक घातली. नुसती खरखर. उन्हात वाळू सांडावी तशी.

आणि त्या खरखरीच्या तळातून, बारीक पण स्पष्ट, एका बाईचा आवाज आला.

"ऐकतेय गं बाई, छान ऐकू येतंय! दर रविवारी ऐकते. माझंच तुझ्याकडे पोचत नाहीसं दिसतंय. तब्येत बरी आहे ना?"

भिंगरी पलंगाखालून बाहेर आली. सुनेने तोंडावर बोट ठेवून तिला जवळ ओढलं.

सासूबाई स्पीकरकडे कान करून बसल्या होत्या. चेहऱ्यावर काही हललं नाही. "बघ," त्या सुस्कारल्या, "आजही नाही. बिचारी वाट बघत बसली असेल. ती अँटेना चढवलीच पाहिजे."

ऐकू येत नाही असं तोंडावर सांगितलं, तर लाजेने त्या रेडिओ सोडतील आणि हे दार कायमचं बंद करतील. नाही सांगितलं, तर गच्चीवर कितीही मोठी तार चढवली तरी दोघी म्हाताऱ्या जन्मभर एकमेकींना हाका मारत राहतील. सुनेने सामानाची यादी उलटी केली, पेन्सिल घेतली आणि पलीकडून आलेलं शब्दाला शब्द लिहून काढलं. मग तो कागद माइकशेजारी सरकवला.

सासूबाईंनी वाचला. परत वाचला. वर पाहिलं नाही. फक्त त्यांचा उजवा हात चाचपडत आला आणि सुनेचं मनगट त्याने घट्ट धरलं.

"नको लिहूस गं इतक्या घाईत," त्या म्हणाल्या. "अक्षर लागत नाही."

"हळू लिहिते, आई."

सासूबाईंनी घसा खाकरला. माइकचं बटण दाबलं तेव्हा त्यांचा आवाज जहाजांना वाट दाखवतानाचा होता, ठाम, हसरा.

"अगं, ऐकू येतेयस की! खणखणीत! गुडघा कसा आहे तुझा?"

पलीकडून आनंदाची किंकाळी आली, मग हसू, मग शब्दांचा नुसता लोंढा. सून पेन्सिल पळवत होती. सासूबाई कागदावर नजर रोवून, अर्धी ओळ मागे राहून, हसत होत्या.

भिंगरीने आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आई, आजीला तर काहीच ऐकू आलं नाही. मग ती 'खणखणीत' का म्हणाली?"