उतरवलेली पट्टी

आमच्या चौथ्या अल्बमचं लोकांनी तोंड भरून कौतुक केलं, आणि त्यातला एकेक शब्द मला अजून चावतो. ‘सेलूच्या या बँडचा आवाज आता पिकला,’ असं कुणी लिहिलं. ‘काळोखा, खोल, जड,’ असं दुसऱ्यानं. अरे बाबांनो, तो जड कशानं झाला हे तुम्हाला काय माहीत!

मी रविकांत. बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो, चालीही माझ्याच. आमच्या संगीताला सिम्फॉनिक पॉवर मेटल म्हणतात. म्हणजे खाली गिटार आणि ड्रमचा दणदणाट, मधे पन्नास व्हायोलिनांचा ताफा, तोही माझ्या कीबोर्डातूनच निघणारा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर एका बाईचा उंच, स्वच्छ आवाज. ती बाई म्हणजे माझी चुलत बहीण वैष्णवी. माहेर बोरीचं, सासर सेलूतच. पहिल्या तीन अल्बममधली राजांची, घोड्यांची, लढायांची गाणी ती काळी पाच पट्टीत गायली. बायकांनाही सहज न झेपणारी ती उंची, पण हिला काही वाटायचं नाही.

तालीम दर रविवारी, ड्रमवाल्या परमेश्वरच्या मामाच्या जिनिंग मिलमागच्या शेडमध्ये. तिथं कापसाचं तूस इतकं उडायचं की तासाभरात ड्रम पांढरे व्हायचे. दीड वर्षापूर्वी, नव्या अल्बमच्या पहिल्याच तालमीत, तिचा वरचा सूर फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा आलाच नाही.

“तूस गेलं असंल घशात,” ती म्हणाली आणि पाणी प्यायला बाहेर गेली. जाताना डोळे भरले होते. वैष्णवी रडायला लागली की मला काही सुचत नाही, अगदी लहानपणापासून. मी कीबोर्डचं ट्रान्सपोजचं बटण दाबलं. ते दाबलं की बोटं नेहमीच्याच जागी पडतात, सूर मात्र अर्ध्या पायरीनं खालचा निघतो. गिटारवाल्या बुद्धभूषणला मी खूण केली, त्यानंही तारा तेवढ्याच सैल केल्या. ती आली, गायली, सूर लागला.

“बघ दादा, तूसच होतं!” ती हसली. मला वाटलं, किती सोपं होतं हे.

दोन-तीन महिन्यांनी तोही सूर फाटायला लागला. मी पुन्हा बटण दाबलं. मग तिसऱ्यांदा. तिला कळायला वाव नव्हता. सासरी दोन खोल्या, त्यात अंथरुणाला खिळलेले सासरे. ती गायची ती फक्त आमच्यासोबत, माझ्या कीबोर्डच्या भरवशावर. माझी बोटं तिला काळी पाचवरच दिसायची. बोलण्यातला आवाज घोगरा झाला होता हे तिलाही कळत होतं. पण ज्येष्ठमध चघळत म्हणायची, “वरचा सूर लागायलाय नं, मग कशाला भ्यायचं?”

तिचा दम पुरेना, म्हणून मी चाली संथ केल्या. व्हायोलिनं काढून त्यांचे मोठे भाऊ, भरड आवाजाचे चेलो घातले, मागे पुरुषांचा कोरस उभा केला. घोडे-तलवारी गेल्या, गाणी विहिरींची आणि ओसाड वाड्यांची झाली. खोटं कशाला बोलू, ऐकायला ते भारी वाटत होतं. आमची कलेतली प्रगती म्हणतात ती हीच.

“रव्या, हे बरं व्हायलं न्हाई,” एकदा बुद्धभूषण मला बाजूला घेऊन म्हणाला. “चौथ्यांदा तारा सैल करायलोय मी. तिला सांग.”

“अल्बम होऊ दे,” मी म्हणालो.

तिच्या सासूबाई दगडाबाईंनी तर मला दारातच गाठलं. “पोरगी फोनवर बोलायली की बाप्या बोलल्यावानी वाटायलंय. दवाखान्यात दावा की तिला.”

“गाणाऱ्यांचा आवाज असाच भरतो, मावशी,” मी ठोकून दिलं.

दिवाळीत अल्बम आला. जानेवारीत झरीला आमच्या भाचीचं बारसं होतं. बायकांनी वैष्णवीला पाळणा म्हणायचा आग्रह धरला. पेटीवाल्या म्हाताऱ्यानं पट्टी विचारली.

“काळी पाच,” ती ऐटीत म्हणाली.

मी पुढं झालो, तोवर त्यानं सूर धरलाही होता. पहिली ओळ कशीबशी निघाली. दुसऱ्या ओळीला ती वर गेली आणि तोंडातून नुसती हवा आली. पाळण्याची दोरी धरलेल्या बायका जागच्या जागी थांबल्या. वैष्णवीनं पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवाच. कुणीतरी घाईघाईनं बाळ उचलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी परभणीला डॉक्टरांनी तिच्या घशात बारीक कॅमेरा घातला. मी शेजारीच बसलो होतो. पडद्यावर लालसर, खडबडीत काहीतरी दिसत होतं.

“गाठ आहे. आवाज कधीपासून उतरलाय?”

“कालपासून,” वैष्णवी म्हणाली. “त्याच्याआधी चांगला होता. दर रविवारी गायचे की मी, काळी पाचमध्ये.”

“कालची गाठ एवढी नसते. नीट आठवा, त्यावरच पुढचं ठरणार आहे.”

ती आठवत राहिली, बिचारी अगदी प्रामाणिकपणे.

“दीड वर्ष,” मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं. बटण, तारा, चार वेळा उतरवलेली पट्टी.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “तेव्हाच आला असतात, तर गाठ काढून आवाज वाचवता आला असता. आता तुकडा तपासायला पाठवू. पण स्वरयंत्र राहील, असं मी म्हणणार नाही.”

वैष्णवी माझ्याकडे बघत होती. चिडेल, मारेल, काहीतरी करेल याची मी वाट बघत होतो. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“एकदा म्हणायचं असतं, वैशे, तुझा आवाज पडलाय,” ती त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. “रडले असते मी, दादा. तेवढंच झालं असतं.”