बांधाला फुटलेला पान्हा

तळ्याच्या बांधाखाली जो झरा होता त्यातून त्या रविवारी दूध वाहू लागले, आणि दुपार व्हायच्या आत तिथे पाय ठेवायला जागा उरली नाही. बाटल्या, कॅन, तांबे, जे हाती लागेल ते घेऊन लोक वाकले होते. आधी काचेसारखे नितळ असलेले पाणी थोडेथोडे गढुळत जाऊन आज पांढरे झाले होते.

"पाणी काय, नळही देतो," झऱ्याला माई म्हणून पुजायला लावणारे पाणीबाबा माइकवर म्हणाले. "दूध कोण देतं? आई देते. लेकरांनो, माईला पान्हा फुटलाय. शहाणे म्हणतील, तपासून घ्या. आईचं दूध कोणी तपासून पितं का?"

गर्दी हसली. मागे उभे असलेले मास्तर तेवढे हसले नाहीत. शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते. पुस्तकात डोके घालून बसणारा, चारचौघांत घसा कोरडा पडणारा माणूस. दोन दुणे चार सांगतानाही ते म्हणायचे, "माझं चुकतही असेल." मग त्यांचे चुकले आहे यावर सगळ्यांचे चटकन एकमत व्हायचे.

त्यांचा जीव मात्र पहिल्या रांगेत अडकला होता. तिथे खुर्चीवर त्यांची थोरली बहीण बसलेली होती. नवरा गेल्यापासून ताई त्यांच्याच घरी होती. आयुष्यभर जिला आधी बापाने, मग नवऱ्याने "तू गप्प बस" एवढेच ऐकवले, तिच्या हाती बाबांनी माइक दिला होता. झऱ्याच्या पाण्याने माझे गुडघे बरे झाले, असे ती रोज सांगत असे. लोक तिच्या पाया पडत.

"ताई, घरी चल," मास्तर तिच्याजवळ वाकून म्हणाले.

"का रे? गुडघे बघ माझे. वेतासारखे वाकतात."

"तू सकाळपासून खुर्चीतून उठलेली नाहीस."

"उठायची गरज काय? लोकच येतात ना माझ्याकडे."

मास्तर एकटेच घरी आले. स्वयंपाकघराच्या फळीवर ताईने झऱ्याच्या पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या, जुनी डावीकडे, नवी उजवीकडे. डावीकडच्या बाटल्या स्वच्छ होत्या. पुढे तळाशी पिठासारखा पातळ थर दिसू लागला होता. मग तो जाड होत गेला होता. काल सकाळच्या बाटलीत तर तो बोटभर होता. मास्तरांनी ती उघडली, तळाचे चिमटीत घेऊन चोळले. माती. बांध ज्या पांढऱ्या चिकणमातीचा केला होता, तीच.

लोक बांध पीत होते.

ते तडक तळ्याच्या मालकाकडे गेले. तळे खासगी होते. काठावर हॉटेल, पाण्यात होड्या. टेबलांवरून तळे दिसत नाही म्हणून मालकाने बांधावरची झाडे तोडली होती, पण मुळे आतच राहू दिली होती. जादा पाणी वाहून जाण्यासाठी बांधाला जो सांडवा होता, त्याच्यावर फळ्या ठोकून त्याने पाणी हातभर चढवले होते.

"मुळं आत कुजली, त्यांच्या जागी बिळं झाली," मास्तर म्हणाले. "त्यातून पाणी माती घेऊन बाहेर पडतंय. नितळ होतं तोवर नुसता पाझर होता. आता आतून भगदाड वाढतंय. निदान सांडव्याच्या फळ्या तरी काढा. माझं चुकतही असेल, पण..."

"नाही हो, बरोबर आहे तुमचं," मालक सुपारी कातरत शांतपणे म्हणाला. "इंजिनिअरही हेच सांगून गेला. तळं रिकामं करा म्हणाला. रिकाम्या तळ्यात होड्या चालवू का मी? बाबा म्हणाले, रिकामं करायचंय कशाला, खाली झऱ्याभोवती कठडा बांधा. इंजिनिअरने खर्च सांगितला, बाबांनी झऱ्याच्या दर्शनाला तिकीट लावलं. तुम्ही माझ्या जागी कोणाचं ऐकलं असतं?"

"खाली माणसं बसतात."

"त्यांना कोणी बोलावलंय? आणि तुम्ही सांगून बघा ना त्यांना. माइक घ्या."

माइक म्हटला की मास्तर मागे सरतात. हे मालकाला पक्के ठाऊक होते.

मास्तरांनी रंगाऱ्याकडून कापडाचा लाल रंग घेतला. दुकानात हिरवाही होता. पण उभा जन्म लाल शाईने चुका दाखवण्यात गेलेल्या माणसाला चूक दाखवायची म्हटल्यावर दुसरा रंग कसा सुचणार? होडी घेऊन ते बांधाच्या आतल्या अंगाला गेले, जिथे झाडांचे बुंधे अर्धे पाण्यात होते. तिथे पाण्यावरचा पाचोळा एका जागी गोल फिरत होता. त्यांनी रंग तिथेच ओतला, आणि धापा टाकत खाली ताईपाशी आले.

"ताई, ऐक. मी वर तळ्यात लाल रंग टाकलाय. आता तो इथून निघेल. निघाला, तर हा झरा नाही, बांध फुटायला आलाय. तू हे आत्ताच माइकवर सांग, रंग यायच्या आधी. आधी सांगितलं तरच ते पटेल. लोक तुझं ऐकतात."

ताईने त्यांच्याकडे पाहिले. "म्हणजे माझे गुडघेही खोटे?"

तिला द्यायला त्यांच्याकडे उत्तर होते, धीर नव्हता. आणि तेवढ्यात पाणी लाल झाले.

बाबा पट्टीचे. क्षणभरही गोंधळले नाहीत. "रक्त," ते हलक्या आवाजात म्हणाले, आणि माइकने ते सगळीकडे पोचवले. "माईच्या अंगावर कोणीतरी घाव घातलाय. तो इथेच आहे. माई मला त्याचं तोंड दाखवतेय."

माईला तोंड दाखवायची तसदी घ्यावी लागली नाही. ताईने माइक ओढला. "माझा भाऊ आहे. त्यानेच रंग टाकलाय. लहानपणापासून त्याला कोणाचं बरं बघवत नाही."

रंग टाकलाय, हे तिने स्पष्ट सांगितले होते. ते सगळ्यांनी ऐकले. तरी पाणी पाहून बायका "रक्त, रक्त" म्हणत रडत होत्या.

मास्तरांचा चष्मा पहिल्याच थपडेला गेला. माईची माफी माग म्हणत त्यांना फरफटत बांधावर नेले, गुडघ्यांवर बसवले. बाबाही वर आले. समोर पाण्यात आता टोपलीएवढा भोवरा फिरत होता, आणि पायांखालची माती भिजल्या पावासारखी दबत होती.

"पळा," मास्तर ओरडले. जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. "बांध खचतोय. खालच्यांना उठवा."

"आता मास्तरांच्याही अंगात आलं," कोणीतरी म्हणाले, आणि हशा पिकला.

बाबा हसले नाहीत. त्यांनी भोवरा पाहिला, पायाखाली पाहिले. मग कफनी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि एक अक्षर न बोलता टेकडीच्या बाजूला धूम ठोकली.

मास्तरांच्या पुराव्याने एक माणूस हलला नव्हता. बाबांच्या पळण्याने सगळे हलले. बाबा धावताहेत म्हणजे काहीतरी पुण्याचे असणार, म्हणून लोक त्यांच्यामागे धावले. त्यातले बरेचसे वाचले ते एवढ्यामुळेच.

मास्तर उलटे, खाली धावले. पायऱ्यांवर वर येणारी गर्दी त्यांच्या अंगावर आली आणि त्यांना पाठीमागे ढकलत घेऊन गेली. माणसांच्या खांद्यांवरून त्यांना ताई दिसली. खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन ती उठू पाहत होती. अर्धी उठली, गुडघे लटपटले, पुन्हा बसली. पुन्हा उठू लागली. तेवढ्यात बांध मधोमध खाली बसला आणि तळे तिच्यावरून निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून बोलणे सुरू झाले. रंग टाकल्याने माई कोपली. सख्ख्या बहिणीला खाल्लं मास्तरने. बाबांचा पत्ता नव्हता. मालक सांगत होता, बांध उत्तम होता, त्यात रसायन ओतले गेले.

मास्तरांनी ऐकून घेतले. मग एका सकाळी चौकात टेबल मांडले, वर एका टोकाला उघडी अशी पत्र्याची लांब पेटी ठेवली, तीत पांढरी माती ठोकून भरली, मधोमध एक कुजके मूळ पुरले. दुसऱ्या टोकाकडून पाणी ओतले. मुळाच्या टोकातून आधी नितळ थेंब आले, मग दुधासारखे पाणी. लोक लांब उभे राहून बघत होते.

"हा तुमचा पान्हा," मास्तर म्हणाले. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "बांधाखाली पाणी दिसलं की हात जोडायच्या आधी वर किती पाणी अडवलंय ते बघा. गढूळ झालं की बाटली भरू नका, मुलंबाळं उचला आणि बाजूला व्हा. सांडवा कोणी अडवला असेल तर त्याला जाब विचारा, मग तळं कोणाच्याही मालकीचं असो. जो म्हणेल तपासू नका, त्याचं सगळ्यात आधी तपासा. आणि माझंही खरं धरू नका. माझ्या बहिणीलाही मला पटवून देता आलं नाही. इथे या, स्वतः हात घालून बघा."

कोणी पुढे येईना. शेवटी त्या दिवशी जिचा नवरा वाहून गेला ती बाई आली. थप्पड मारणाऱ्यांत तो पहिला होता. तिने मास्तरांकडे पाहिले नाही. पदर खोचला, पाझरत्या जागी बोट घातले. बोट गेले, मग मूठ गेली, मनगट गेले. वरची माती अजून घट्ट दिसत होती.

"आत काहीच नाहीये," ती म्हणाली, आणि मागे वळून बाकीच्यांना वाट करून दिली.